दाढेतली चांदी : विष की वावडे?

दाढ किडली, दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन ती भरून घेतली, म्हणजे घरी आल्यावर आपण सांगतो, "चांदी भरली." ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. चांदी ही आपल्याकडे शुद्ध वस्तू. बारशाला चांदीची वाटी, देव्हाऱ्यात चांदीचे निरांजन. पण श्रोतेहो, दाढेतल्या ह्या चांदीत खरी चांदी किती असते? वजनाने पाहिले तर पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा. जवळजवळ निम्मा असतो तो पारा. उरलेल्यात कथील, तांबे आणि कधी चिमूटभर जस्त. इंग्रजीत ह्या मिश्रणाला अमाल्गम म्हणतात. आपण त्याला पारदमिश्रण म्हणू.

पारा हा धातूंना खाऊन टाकणारा धातू आहे, हे आपल्या लोकांना पुस्तके वाचून कळलेले नाही. सोनार पाऱ्यात सोने विरघळवून मुलामा देत आले, आणि वैद्य खलात पारा नि गंधक घोटून कज्जली करीत आले. दंतवैद्याची युक्ती ह्याच जातीची. चांदी आणि कथील ह्यांचा कीस पाऱ्याबरोबर खलात घोटायचा, म्हणजे लोण्यासारखा मऊ लगदा होतो. जास्तीचा पारा फडक्यातून पिळून काढायचा. मग काही मिनिटे हा लगदा हवा तसा दाबता येतो, दाढेतल्या खाचाखोचांत ठासून बसवता येतो, आणि त्यानंतर तो असा घट्ट होतो की वर्षानुवर्षे त्यावर सुपारी फोडावी! अलीकडे खल गेला, मोजून भरलेल्या कुप्या आल्या आणि त्या हलविणारी यंत्रे आली. पण गुण तोच.

आता ह्या एवढ्याशा लगद्यावरून दंतवैद्यांत जवळजवळ दोनशे वर्षे भांडण चाललेले आहे. पंथ पडले, शपथा झाल्या, संस्था मोडल्या. मी इतिहास शिकवतो, कोणाचे दात पाहत नाही. तेव्हा ह्या भांडणाकडे मी पाहतो ते एखाद्या जुन्या लढाईकडे पाहावे तसे. आणि तसे पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. भांडणारांच्या पुढे प्रश्न दोन होते आणि ते एकच समजून दोन्ही पक्ष हातघाईवर आले होते. पहिला प्रश्न, दाढेतला पारा हे विष आहे काय? दुसरा, एखाद्या माणसाला तो सोसत नाही, असे असू शकेल काय? पहिला प्रश्न मापाचा आहे; किती पोटात गेले, किती श्वासातून गेले, ह्याचा. दुसरा प्रश्न माणसाचा आहे. आपल्या भाषेत ह्या दुसऱ्या गोष्टीला फार जुना आणि नेमका शब्द आहे, वावडे. कोणाला वांग्याचे वावडे असते, म्हणून वांगे विष ठरत नाही. आणि घरातल्या इतर दहा माणसांनी वांगे पचवले म्हणून त्या अकराव्याची खाजही खोटी ठरत नाही.

असो. आधी हकीकत सांगतो.

युरोपात पूर्वी दाढ भरत ती शिशाने. फ्रेंच आणि जर्मन भाषांत दाढेच्या भरणाला जे शब्द बोलण्यात आहेत, त्यांच्या मुळाशी लॅटिनमधले शिसेच आहे. ज्यांना परवडे ते सोने भरून घेत. सोन्याचा वर्ख चिमटीचिमटीने पोकळीत घालायचा आणि ठोकून ठोकून एकजीव करायचा. काम नाजूक, वेळखाऊ आणि अर्थातच महाग. दुसरीकडे बिस्मथ, शिसे आणि कथील ह्यांचा एक मिश्रधातू होता, तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेला वितळे. तो पातळ करून दाढेत ओतत. रोग्याचे काय होत असेल ते सांगायला नको. १८१८ साली रेन्यार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने त्यात थोडा पारा मिसळून तो आणखी कमी उष्णतेवर वितळेल असे केले, आणि १८२६ मध्ये पॅरिसच्या तावो ह्यांनी चांदी व पारा ह्यांचा, मुळीच तापवावा न लागणारा लगदा पुढे आणला. हा शोध अगदी पहिला मात्र नव्हे. चीनमध्ये तांग राजवटीतल्या, इसवी सन ६५९ च्या औषधिग्रंथात चांदी, कथील आणि पारा ह्यांच्या अशाच लेपाची नोंद आहे. पण चीनचे ज्ञान चीनमध्ये राहिले. युरोपला ते पुन्हा स्वतःच शोधावे लागले.

१८३३ साली क्रॉकोर घराण्यातले दोघे जण युरोपातून न्यूयॉर्कला उतरले. त्यांनी आपल्या लगद्याला नाव दिले होते 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम', म्हणजे साध्या मराठीत राजेशाही खनिज पर्याय. नावात 'राजेशाही' होते, 'खनिज' होते, पाऱ्याचा पत्ता नव्हता! (आपण 'चांदी' म्हणतो तेही काही फार वेगळे नव्हे.) त्यांच्या दुकानावर गर्दी लोटली. दुखणे नाही, ठोकाठोक नाही, दोन मिनिटांत काम आणि दाम थोडे. सोने ठोकणाऱ्या स्थानिक दंतवैद्यांचे गिऱ्हाईक फुटू लागले. तेव्हा एलिआझर पार्मली ह्यांच्यासारखे नामांकित दंतवैद्य संतापून उठले, आणि थोड्याच काळात क्रॉकोर मंडळींना अमेरिका सोडावी लागली.

हा संताप केवळ पोटाचा होता असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नव्हे. क्रॉकोर मंडळी किडलेला भाग नीट कोरून काढीतच नसत. कीड आत तशीच ठेवून वर लगदा दाबून देत. त्यांचे मिश्रणही ओबडधोबड होते. ते घट्ट होताना कधी फुगे आणि दाढ चिरे, कधी आकसे आणि कडेला फट पडून कीड पुन्हा आत शिरे. म्हणजे तक्रारीला जागा होती. पण तक्रार करणाऱ्यांनी ह्या दोषांपेक्षा पाऱ्याच्या विषावर अधिक भर दिला. कारण कारागिरीचा दोष लोकांना समजावून सांगावा लागतो, आणि विष म्हटले की समजावून सांगावे लागत नाही.

शिवाय लोकांना पाऱ्याचे भय ठाऊकही होते. त्या काळचे डॉक्टर ताप असो, पोटाचा विकार असो, कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे औषध सढळ हाताने देत. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, तेव्हा बेंजामिन रश ह्यांच्यासारख्या मोठ्या डॉक्टराने ते भरपूर वापरले होते. त्याचा परिणाम पहिल्यांदा दिसे तो तोंडात. तोंड येई, लाळ गळू लागे, हिरड्या सुजत, दात हलू लागत. आता ज्या पाऱ्याने दात पडतात तोच दातात भरायचा, ही कल्पना ऐकूनच माणसाच्या अंगावर काटा यावा. गंमत एवढीच की, दाढेतल्या कणभर पाऱ्यावर जेव्हा आरडाओरडा चालला होता, तेव्हा चमचा चमचा पारा वैद्यकाच्या नावाने पोटात चाललाच होता, आणि त्याविरुद्ध दंतवैद्यांच्या सभेने शपथ घेतली नाही.

शपथ घेतली ती अमाल्गमविरुद्ध. १८४० साली अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी आपली पहिली राष्ट्रीय संस्था काढली, 'अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स'. त्याच वर्षी बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय निघाले. हा धंदा न्हाव्याच्या खुर्चीतून उठून विद्येच्या आसनावर बसू पाहत होता, आणि नव्याने सोवळे नेसलेला माणूस विटाळाला जरा जास्तच भितो. १८४३ मध्ये संस्थेने अमाल्गम वापरणे हा गैरव्यवहार ठरविला. १८४५ मध्ये त्याहीपुढे जाऊन प्रत्येक सभासदाने, आपण अमाल्गम वापरणार नाही असे लिहून द्यावे, असा नियम केला. जे लिहून देईनात, त्यांच्यावर कारवाई सुरू झाली. परिणाम व्हायचा तोच झाला. सभासद गळू लागले. कित्येक जण सभेत एक बोलत नि दवाखान्यात दुसरे करीत. १८५० साली शपथ मागे घेतली गेली; पण मोडलेली मने जुळली नाहीत आणि १८५६ मध्ये संस्थाच विसर्जित झाली. पुढे १८५९ साली 'अमेरिकन डेंटल असोसिएशन' निघाली, ती आजही आहे.

ह्या प्रकरणात मला खटकते ते हे की, जिथे माप घ्यायला हवे होते तिथे मत घेतले गेले. पारा विषारी आहे की नाही हे बहुमताने ठरत नाही. किती पारा भरणातून निघतो, तो शरीरात जातो का, गेला तर किती, हे मोजायची साधने तेव्हा नव्हती, हे मान्य. पण साधने नसताना शपथ घेण्याची घाई कशाला? आणि रोग्याला कोणी विचारले? गरीब माणसाला सोने परवडत नव्हते. अमाल्गम नाही म्हणजे त्याच्या वाट्याला चिमटाच होता. दाढ उपटून टाकायची आणि पुढच्या दाढेची वाट पाहायची.

शपथेचा काळ सरतो आहे तोच नवी वस्तू तोंडात आली, व्हल्कनाइट. म्हणजे गंधकाबरोबर तापवून कडक केलेले रबर. त्याच्या कवळ्या स्वस्त पडत. हजारो लोकांना प्रथमच परवडणारे दात मिळाले. पण रबराचा मूळचा रंग हिरडीला शोभेना, म्हणून त्यात हिंगूळ घालून ते लाल करीत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधकच. कवळी लावणाऱ्या काहींचे टाळू लाल होई, जळजळे. झाले! पुन्हा पाऱ्यावर आळ. पुढे दिसून आले की, पुष्कळांच्या तोंडाची आग ही घट्ट, न धुतलेली, रात्रंदिवस न काढलेली कवळी आणि तिच्याखालची कोंडलेली उष्णता ह्यांमुळे होती. सगळ्यांच्या मात्र नव्हे. त्या काहींना खरोखर त्या वस्तूचे वावडे असेल काय, हे विचारायला भाषाच तयार नव्हती.

ती भाषा आणि ते माप, दोन्ही एकाच वर्षी यावीत हा इतिहासातला एक नामी योगायोग. साल १८९५.

त्या वर्षी अमेरिकेत ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक ह्यांनी अमाल्गमवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ब्लॅक हे इलिनॉय प्रांतातले, शाळा-कॉलेजात फारसे न शिकलेले, पण हाताने यंत्रे बनवून सूक्ष्म मापे घेणारे गृहस्थ. चांदी किती, कथील किती, कीस किती दिवस मुरलेला, ह्यांवर भरण किती फुगते अन् किती आकसते, हे त्यांनी मोजले आणि फुगणे-आकसणे अगदी थोडे राहील असे प्रमाण बसवून दिले. चावताना दाढेवर किती भार पडतो तेही मोजले. पन्नास वर्षे शपथांनी जे झाले नाही ते एका माणसाच्या मोजपट्टीने केले. त्यानंतर कितीतरी दशके जगभर जी चांदी भरली गेली, ती थोड्याफार फरकाने ब्लॅकच्याच प्रमाणाची.

आणि त्याच १८९५ च्या सप्टेंबरात, ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत, ब्रेस्लाऊचे डॉ. योझेफ याडासोन ह्यांनी एक अगदी साधा प्रयोग सांगितला. पाऱ्याचे औषध दिल्यावर काही रोग्यांच्या अंगावर पुरळ उठत असे. बहुतेकांना तेच औषध चाले, ह्यांनाच चालत नसे. याडासोन ह्यांनी अशा रोग्याच्या चांगल्या कातडीवर थोडे पारायुक्त औषध लावून ते झाकून ठेवले. काही काळाने उघडून पाहिले तो नेमक्या तेवढ्याच जागी लाली आणि पुरळ! इतर माणसांच्या कातडीवर असे काही होत नव्हते. आज सगळे त्वचारोगतज्ज्ञ जी पट्टी-चाचणी करतात, तिचा जन्म हा असा झाला. आणि तिने पहिल्यांदा पकडलेला आरोपी होता पारा. 'अॅलर्जी' हा शब्द तेव्हा नव्हता. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी १९०६ साली बनविला.

ह्या वावड्याची रीत थोडी सांगायला हवी. विष सगळ्यांनाच बाधते, कोणाला कमी, कोणाला अधिक. वावडे बाधते ते ज्याच्या शरीराने त्या वस्तूशी वैर धरले आहे त्याला. पहिल्या भेटीत काहीच होत नाही. शरीर ओळख करून घेते, आणि ती ओळख विसरत नाही. मग पुढे कधी तीच वस्तू पुन्हा कातडीला किंवा तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहिली की एक-दोन दिवसांनी तिथे लाली, खाज, फोड असा प्रकार सुरू होतो. आपल्या बायकांना ह्याची ओळख चांगली आहे. वर्षानुवर्षे टिकली लावणाऱ्या बाईच्या कपाळावर एक दिवस गोल पांढरा किंवा काळा डाग उमटतो; खोट्या दागिन्यांतल्या निकेलने कानाच्या पाळ्या चिघळतात. "इतकी वर्षे चाललं, आताच काय झालं?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर हेच की वावडे जन्माबरोबर येतेच असे नाही. ते सहवासानेही जडते.

एका वर्षी दोन देशांत लागलेले हे दोन शोध एकमेकांना भेटले मात्र नाहीत. दंतवैद्य ब्लॅकचे माप घेऊन पुढे गेले, त्वचावैद्य याडासोनची पट्टी घेऊन. तोंड हे दोघांच्या सरहद्दीवरचे गाव. तिथली फिर्याद कोणीच नोंदवून घेईना.

भांडणाची दुसरी फेरी जर्मनीत झाली, आणि ती उठविणारा माणूस कोणी भोंदू नव्हता. आल्फ्रेट श्टॉक हे बर्लिनचे थोर रसायनशास्त्रज्ञ. बोरॉन आणि सिलिकॉन ह्यांच्या हवेत पेट घेणाऱ्या वायूंवर त्यांनी काम केले, त्यासाठी काचेच्या नळ्यांत पारा भरलेली उपकरणे वापरली. वर्षानुवर्षे बंद खोलीत पाऱ्याची वाफ छातीत गेली. डोके दुखे, चक्कर येई, नाक चोंदे, आणि सर्वांत वाईट म्हणजे स्मरण गेले. पुस्तकात पाहिलेला टेलिफोनचा क्रमांक यंत्रापर्यंत जाईतो विसरावा, अशी अवस्था. ज्याला वर्गात उभे राहून शिकवायचे आहे त्याला ह्याहून मोठी शिक्षा कोणती? कारण सापडल्यावर त्यांनी १९२६ साली पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहिला आणि त्यात दाढेतल्या अमाल्गमलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. तेव्हा वापरात असलेले तांब्याचे अमाल्गम तर चमच्यात तापवून, पाऱ्याचे मणी वर आले म्हणजे मळत. त्याची वाफ रोग्याइतकीच डॉक्टरालाही मिळे. पण प्रयोगशाळेतली वाफ आणि दाढेतली वाफ ह्यांतले अंतर किती, हा मापाचा प्रश्न पुन्हा वादात बुडाला.

ह्याच सुमारास खरा घात तिसरीकडेच चालला होता. बाळाला दात येऊ लागले की इंग्लंड-अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आया त्याला एक पूड देत. काही बाळांचे हातपाय गुलाबी होत, सुजत, सोलत. मूल सतत किरकिरे, उजेड सोसेना, आणि त्यांतली काही दगावत. ह्याला 'पिंक डिसीझ' म्हणत आणि कारण शोधता शोधता दोन पिढ्या गेल्या. सिनसिनाटीचे योझेफ वारकानी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा शोधून काढला व १९४८ साली ते प्रसिद्ध केले. पुडीत कॅलोमेल होते! १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या उत्पादकांनी पुडीतून पारा काढला आणि रोगही हा हा म्हणता नाहीसा झाला. इतके दिवस संशय का आला नाही? कारण पूड लाखो मुलांनी खाल्ली आणि आजारी पडली ती थोडीच. "बाकीच्यांना काही होत नाही, तेव्हा पूड निर्दोष," असे अनुमान लोक करीत राहिले. विष आणि वावडे ह्यांची सीमारेषा किती अंधुक असते, आणि ती न ओळखल्याने काय होते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. ते पुरळ उठवणारे साधे वावडे नव्हते, हे खरे. पण एकाच वस्तूने एका मुलाला मारावे आणि शेजारच्याला स्पर्शही करू नये, हे तिथे उघड दिसले.

तिसरी फेरी आपल्या आठवणीतली. १९७९ साली मोजमापांनी दाखवून दिले की, अमाल्गम भरलेल्या माणसाने चघळले की त्याच्या श्वासात पाऱ्याची वाफ वाढते. म्हणजे 'एकदा घट्ट झाले की पारा बाहेर येतच नाही' हे दंतवैद्यांचे आवडते आश्वासन खोटे ठरले. खोटे ठरलेल्या आश्वासनाची किंमत मोठी असते. अमेरिकेत कोलोरॅडोच्या हॅल हगिन्स नावाच्या दंतवैद्याने नाना असाध्य रोगांचे खापर चांदीवर फोडले. १९९० च्या डिसेंबरात तिथल्या दूरचित्रवाणीवर 'तोंडातले विष' अशा अर्थाच्या नावाने कार्यक्रम झाला, आणि घाबरलेले लोक चांगल्या दाढा उकरून घ्यायला धावले. भरण उकरताना जी वाफ निघते ती ते जागच्या जागी असताना निघणाऱ्या वाफेपेक्षा जास्त असते, हे त्यांना कोण सांगणार? हगिन्स ह्यांचा परवाना १९९६ साली रद्द झाला.

२००६ साली दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल एकदम आले. एक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातला, ५३४ मुलांचा. दुसरा पोर्तुगालमधल्या लिस्बनचा, ५०७ मुलांचा. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काही मुलांना अमाल्गम भरले, काहींना दुसरे द्रव्य, आणि एका ठिकाणी पाच, दुसऱ्या ठिकाणी सात वर्षे त्यांची बुद्धी, स्मरण, हातापायांचे चलनवलन तपासले. अमाल्गमवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा अधिक सापडला. बुद्धीत नि स्मरणात फरक म्हणण्याजोगा काही आढळला नाही. १८४५ च्या शपथेनंतर एकशेएकसष्ट वर्षांनी तो प्रश्न ज्या रीतीने सोडवायचा त्या रीतीने सोडवायला घेतला गेला. त्यानंतरही सावधगिरी गेलेली नाही. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर बायका, लहान मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जातंतूंचे विकार असलेले लोक ह्यांना शक्यतो अमाल्गम भरू नये असे सुचविले. त्या यादीत शेवटी एक नाव आहे: पाऱ्याचे किंवा त्यातल्या इतर धातूंचे वावडे असलेली माणसे.

हीच ती माणसे, जी दोनशे वर्षांच्या गलक्यात हरवली होती. त्यांची तक्रार साधी असते. गालाच्या आतल्या बाजूला, नेमकी भरलेल्या दाढेला टेकते तिथे, पांढऱ्या रेषांची जाळी उठते. भोवती लाली, तिखट लागले की आग. पट्टी-चाचणीत अशा पुष्कळांची कातडी पाऱ्याला प्रतिसाद देते, आणि ते भरण काढून दुसरे घातले की बऱ्याच जणांची जाळी काही महिन्यांत विरते. असे लोक थोडेच. पण एका पक्षाने त्यांना 'पाहा, पारा विष आहे' म्हणून मिरवणुकीत पुढे केले, आणि दुसऱ्याने 'पारा विष नाही, तेव्हा तुम्हाला काही झालेले नाही' म्हणून दारातून परत पाठवले. दोघांनीही त्यांच्या गालात वाकून पाहिले नाही.

आता अमाल्गम चालले आहे, पण ते ह्या माणसांमुळे नव्हे आणि हगिन्समुळेही नव्हे. जपानातल्या मिनामाता गावी कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीत उतरला आणि मासळी खाणारी माणसे लुळी पडू लागली. १९५६ साली तो रोग प्रथम नोंदला गेला. त्या गावाचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. भारताने तो २०१८ साली स्वीकारला. पारा पृथ्वीवर जितका कमी फिरवता येईल तितका कमी फिरवावा, हा त्याचा हेतू. दवाखान्याच्या मोरीतून पारा नदीत जातो, आणि माणूस गेला की दाढेतला पारा दहनाच्या धुराबरोबर वर जातो. नॉर्वेने २००८ साली आणि स्वीडनने २००९ साली अमाल्गम जवळजवळ बंद केले; युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद सोडून, बंद केले. खटला एका कलमाखाली चालला आणि निकाल दुसऱ्याच कलमाखाली लागला!

आपल्याकडे ह्या भांडणाचे पडसाद फारसे उमटले नाहीत. पुण्या-मुंबईत चिनी दंतवैद्यांच्या पाट्या होत्या, रस्त्यावर चिमटा घेऊन बसणारे होते. शिकलेला दंतवैद्य मिळणे हीच चैन होती. कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनी १९२० साली देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाला जोडून १९३३ मध्ये निघाले, आणि दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा झाला १९४८ साली. दाढ वाचते आहे, तीही परवडणाऱ्या पैशात, ह्यापुढे कोणाला चांदीतल्या पाऱ्याची चौकशी सुचावी?

चौकशी करायची आहे ती आता पुढच्या वस्तूंची. चांदीच्या जागी दाताच्या रंगाचे राळेसारखे भरण आले. अमेरिकेच्या राफाएल बोवेन ह्यांना त्याचे पेटंट १९६२ साली मिळाले. ते घट्ट होण्याआधीची जी कच्ची द्रव्ये असतात, त्यांचे वावडे रोग्यापेक्षा दंतवैद्यांना आणि कवळ्या करणाऱ्या कारागिरांना अधिक जडते. बोटांची अग्रे फुटतात, आणि ही द्रव्ये साध्या रबरी हातमोज्यातूनही आत झिरपतात. त्या रबराचेच वावडे असणारी माणसेही आहेत. दाढेवर बसवायच्या स्वस्त धातूच्या कॅपमध्ये निकेल असते, कानाच्या पाळी चिघळवणारे तेच. आणि सोने? ज्या सोन्यासाठी न्यूयॉर्कचे दंतवैद्य कंबर कसून उभे राहिले, ज्याला आपण सर्वांत निर्दोष धातू समजतो, त्याला २००१ साली अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने 'वर्षाचा अॅलर्जीकारक' म्हणून निवडले. शरीराशी सर्वांत चांगले जमले ते टिटॅनियमचे, आणि तेही अपघातानेच कळले. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या हाडात टिटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी निघेचना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टिटॅनियमचे खिळे बसवून त्यांवर दात उभे केले.

हल्ली चांगला दंतवैद्य कॅप घालण्यापूर्वी विचारतो, "खोटे कानातले घातले की खाज येते का? घड्याळाच्या पट्ट्याखाली कधी पुरळ उठलं होतं?" रोग्याला वाटते, हा दाताचा डॉक्टर कानाची चौकशी का करतो? उत्तर होकारार्थी आले तर तो त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. तिथे पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांची एक पट्टी चिकटवतात. एका चकतीत निकेल, एकीत पारा, एकीत सोन्याचा क्षार, एकीत राळेचे द्रव्य. दोन दिवस आंघोळ करायची ती पाठ न भिजवता. मग पट्टी काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात, कारण काहींची कातडी उशिरा बोलते. सामग्री पुष्कळ बदलली असली, तरी रीत ग्राझच्या परिषदेत सांगितली गेली होती तीच आहे.